शहराचे नाव पुढे, कर्ता मागे

परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसाने नासधूस केली. दुसऱ्या दिवशी आंबेडकरी जनतेने बंद पाळला. त्या बंदमध्ये काही जणांनी दगडफेक केली, जाळपोळ केली. मग पोलीस आपल्या वस्त्यांमध्ये शिरले, घराघरांतून पोरे उचलली. १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूचे कारण लिहिले होते ते अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे.

आता हे सहा दिवस इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि चॅनलवर कसे उतरले ते पाहा. 'परभणी व्हायोलन्स'. दोन शब्द, संपला विषय. प्रतिकृतीची नासधूस करणारा माणूस त्या दोन शब्दांत आहे, दगड मारणारा आहे, काठी मारणारा आहे, मेलेला सोमनाथही त्यातच आहे. सगळे एका गाठोड्यात, आणि गाठोड्यावर चिठ्ठी शहराच्या नावाची. असे वाटावे की परभणी नावाच्या शहराला अचानक ताप भरला आणि त्या तापात एक पोरगा दगावला.

मित्रांनो, यावर कोणी म्हणेल की हेडलाइनला जागा कमी असते, संपादक शब्द वाचवतो. वाचवू द्या. पण दर वेळी वाचवलेला शब्द कर्त्याचाच कसा असतो? 'पोलीस कोम्बिंग इन परभणी' हे काही फार लांब वाक्य नाही.

इंग्रजीत दोन नामे नुसती शेजारी ठेवली की काम भागते. पहिले नाम दुसऱ्याचे विशेषण होऊन बसते. दोघांचे नाते काय, हे सांगायची गरज उरत नाही. आपल्या मराठीत विभक्ती आहे. परभणीत झालेला हिंसाचार वेगळा, परभणीने केलेला वेगळा, परभणीवर केलेला त्याहून वेगळा. 'त', 'ने', 'वर' ही एवढीशी अक्षरे. पण ती लावताना लिहिणाऱ्याला ठरवावे लागते की कोणी कोणाला मारले. इंग्रजीतल्या त्या जोडशब्दाने ही जबाबदारीच काढून घेतली. आणि आपल्या मराठी पत्रकारांनी काय केले? तोच साचा उचलला. 'परभणी हिंसाचार', 'खैरलांजी प्रकरण', 'खर्डा प्रकरण', 'सोनई प्रकरण'. विभक्ती गळाली आणि तिच्याबरोबर आरोपीही गळाला. तशी मराठी काही धुतल्या तांदळासारखी नाही. 'लाठीमार करण्यात आला', 'तणाव निर्माण झाला' ही वाक्ये आपल्याच भाषेतली आहेत. त्यांतही लाठी आपोआप हवेत उठते. पण निदान त्या वाक्यांत गावाला पुढे उभे केलेले नसते.

खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातील त्या गावात गावकऱ्यांच्या जमावाने सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना मारून टाकले. भैयालाल तेवढे वाचले आणि २०१७ मध्ये न्यायाची वाट पाहत गेले. जगभरच्या इंग्रजी लेखांत हे 'खैरलांजी' झाले. नाव मोठे झाले, मान्य. पण कोर्टात काय टिकले? सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या शिक्षेवर आणली, आणि दोन्ही ठिकाणी अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. न्यायालयाच्या लेखी तो जातीचा गुन्हा नव्हता, सूडाचा होता. म्हणजे गावाचे नाव जगाला पाठ झाले आणि जात कागदावरून गेली. मला हे दोन्ही एकमेकांपासून फार लांबचे वाटत नाही. आपणही मोर्चात 'खैरलांजी' एवढेच ओरडत राहिलो. ज्यांच्या हातून हे झाले त्यांच्या जातीचा आणि जमिनीच्या भांडणाचा उच्चार हळूहळू कमी होत गेला.

आमच्या उमापूरपासून नगर जिल्ह्याची हद्द लांब नाही. खर्डा हे त्याच जिल्ह्यातले, जामखेड तालुक्यातले गाव. २८ एप्रिल २०१४ ला तिथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराला मारले. साक्षीदार फितूर झाले, नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. आता 'खर्डा केस' म्हटले की ज्यात कोणीच काही केले नाही अशी एक केस समोर येते. गावाचे नाव तेवढे शिल्लक.

आणि घाटकोपर. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या, दहा माणसे मारली. इंग्रजीत याचे रूढ नाव काय आहे माहीत आहे का? 'रमाबाई किलिंग्ज'. वस्तीचे नाव माता रमाबाई आंबेडकर नगर. त्यातले 'माता' गेले, 'आंबेडकर' गेले, 'नगर' गेले, आणि उरलेल्या रमाईच्या नावाला हत्या हा शब्द चिकटवला. ज्याला काही माहीत नाही अशा परदेशी विद्यार्थ्याने ते दोन शब्द वाचले तर तो काय समजेल? रमाबाई नावाच्या कोणाला मारले, किंवा रमाबाई नावाच्या कोणी मारले. गोळी झाडणारे दल त्याच्या डोक्यातही येणार नाही.

पण या सगळ्यांत पक्के काम झाले आहे ते 'भीमा कोरेगाव केस' या शब्दांवर. नीट लक्ष द्या, कारण आपल्यातले शिकलेले कार्यकर्तेही इथे गोंधळतात. ३१ डिसेंबर २०१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. या हल्ल्याबद्दल हिंदुत्ववादी पुढाऱ्यांवर जो गुन्हा दाखल झाला, तो एक. आणि पुण्यात विश्रामबाग पोलीस ठाण्यात एल्गार परिषदेबद्दल ८ जानेवारीला जो गुन्हा दाखल झाला, तो दुसरा. या दुसऱ्या गुन्ह्यात पुढे सोळा जणांना अटक झाली, जानेवारी २०२० मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, आणि फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच वारले. आता सांगा, इंग्रजीत 'भीमा कोरेगाव केस' असे कोणत्या गुन्ह्याला म्हणतात? दुसऱ्याला. जो पुण्याचा आहे, शनिवारवाड्याचा आहे, त्याला. ज्या गुन्ह्यात आपली माणसे भीमा कोरेगावच्या रस्त्यावर दगड खात होती, त्याला इंग्रजीत धड नावच नाही. ज्याला नाव नाही त्याचा पाठपुरावा कोण करणार? बातमी शोधायची तर कोणता शब्द टाकणार? टाकला 'भीमा कोरेगाव' तर समोर येतात ते लेखक, वकील, प्राध्यापक आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची कलमे.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला त्या स्तंभासमोर उभे राहिले. तेव्हापासून ते नाव आपल्या घरात अभिमानाचे आहे, पोराबाळांना घेऊन जायचे ठिकाण आहे. एका जोडशब्दाने ते देशद्रोहाच्या चर्चेत नेऊन ठेवले. ज्यांनी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्यांनी तो कट करून वापरला असे मी म्हणत नाही. बऱ्याच चांगल्या, अटक झालेल्यांच्या बाजूच्या लोकांनीही तो वापरला. अडचण तीच आहे. सवयीने वापरलेल्या शब्दाला जाब विचारायला कोणी सापडत नाही.

ही सवय जुनी आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगातल्या उपोषणाच्या दडपणाखाली बाबासाहेबांना सही करावी लागली. जागा वाढल्या, पण अस्पृश्यांचा स्वतंत्र मतदारसंघ गेला. इतिहासात त्याचे नाव 'पूना पॅक्ट'. शहर सभ्य, शब्द गुळगुळीत. जणू दोन व्यापारी पुण्यात भेटले आणि हात मिळवून घरी गेले. तुरुंग नाही, उपोषण नाही, देशभरातल्या अस्पृश्यांच्या जिवाला असलेली भीती नाही. दुसऱ्या बाजूने प्यारेलाल यांनी याच प्रसंगावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'द एपिक फास्ट'. तिथे शहर नाही. तिथे महाकाव्याचा नायक आहे. आणि बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात हा विषय ज्या प्रकरणात घेतला, त्याला नाव दिले 'अ मीन डील'. हलका, नीच सौदा. एकच घटना, तीन इंग्रजी नावे. त्यांतले कोणते आपण शाळेत पाठ केले?

शहराच्या नावाने युरोपातही असे होते. १९३८ साली म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला दिला गेला, आणि आज इंग्रजीत 'म्युनिक' हा शब्दच शरणागतीच्या अर्थाने चालतो. पण पाहा, तिथे त्या शहराच्या नावाला निदान निंदेचा वास लागला. पुण्याच्या नावाला कसलाच वास लागू दिलेला नाही.

१९७८ चे तर बोलायलाच नको. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावोगावी बौद्ध-दलितांची घरे पेटवली गेली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. इंग्रजी पुस्तकांत याचे नाव 'मराठवाडा रायट्स'. दंगल! दंगलीला दोन बाजू लागतात. गावकुसाबाहेरच्या वीस घरांनी दोनशे घरांशी कोणती दंगल केली? ठराव झाल्यावर नामांतराला, म्हणजे खरे तर नामविस्ताराला, १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सोळा वर्षे. त्याच शहराचे नाव बदलायचे ठरले तेव्हा किती सुरळीत झाले ते आपण २०२३ मध्ये पाहिले. ते योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. वेगातला फरक मात्र नोंदवून ठेवा. आणि एवढ्या रक्ताने मिळवलेले नाव आपलीच पोरे इंग्रजी बायोडेटात 'बामू' असे लिहितात. प्रवेशाच्या फॉर्मवर जागा असते, तरी 'बामू'. त्यात 'डॉक्टर' नाही, आणि 'आंबेडकर' एका अक्षरापुरते.

मग इंग्रजी सोडून द्यायची का? मुळीच नाही. ज्या माणसाने आपल्याला उभे केले त्याचे बहुतेक मोठे लेखन इंग्रजीत आहे. प्रश्न इंग्रजीचा नाही, ती वापरायची कशी याचा आहे, आणि ते शिकायला बाबासाहेबांपेक्षा चांगला मास्तर मिळणार नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' उघडा. लहानसे पुस्तक आहे, एका बैठकीत होते. त्यात गावे, स्टेशने भरपूर आहेत: मसूर, बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद. पण एकही प्रसंग 'मसूर इन्सिडेंट' होत नाही. मसूरला स्टेशनमास्तर प्रेमाने चौकशी करतो, पोरे महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलतो, गाडीवाले गाडी हाकायला नकार देतात, शेवटी दुप्पट भाड्यावर पोरांनी स्वतः गाडी हाकायची असे ठरते. प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे. १९३४ च्या दौलताबादच्या प्रसंगातही तेच. किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर कोणी हातपाय धुतले, कोण ओरडत आला, त्यावर कोण काय म्हणाले, आणि किल्ला पाहायला सोडताना पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला, हे क्रमाने येते. दौलताबाद या शब्दावर काहीच ढकललेले नाही. ते फक्त ठिकाण आहे, आणि ठिकाणाने वाक्यात एवढेच काम करावे.

ठिकाण लिहिण्याबाबत ते किती काटेकोर होते याचाही एक दाखला सांगतो. भाषिक राज्यांवरच्या त्यांच्या १९५५ च्या पुस्तिकेची प्रस्तावना पाहा. खाली तारीख २३ डिसेंबर १९५५ आणि पत्ता मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन, कॉलेज रोड, औरंगाबाद, आणि त्यापुढे दख्खनचे संक्षिप्त रूप. औरंगाबाद बिहारातही आहे. वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये एवढ्यासाठी ती दोन अक्षरे.

बिहार म्हटल्यावर आमच्या जिल्ह्याकडे यावेच लागते. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडून खंडणी मागण्याचे प्रकरण होते. ६ डिसेंबरला त्या प्रकल्पावरच्या रखवालदाराला मारहाण झाली आणि सरपंच त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर राज्यभर एकच वाक्य फिरले, 'बीडचा बिहार झाला', आणि इंग्रजी चॅनलवाल्यांनी ते उचलून धरले. या वाक्यात दोन शहाणपणे आहेत. एक म्हणजे खंडणी मागणारी टोळी आणि तिच्यामागचे राजकीय बळ यांच्या जागी अख्खा जिल्हा आरोपी झाला. ऊसतोडीला जाणारी बाई, उमापूरचा सालगडी, सगळे त्या 'बीड'मध्ये. दुसरे म्हणजे 'बिहार' ही शिवी ठरली. बिहार हा शब्द विहारावरून आला आहे. जिथे सिद्धार्थ बुद्ध झाला, नालंदा उभी राहिली, त्या भूमीचे नाव आपण बौद्ध म्हणवणारेही शिवी म्हणून तोंडात घोळवतो. माझ्यासमोर कोणी ते वाक्य म्हटले की मी त्याला तिथेच थांबवतो. भांडण होते, होऊ द्या.

'बीड'वर इंग्रजीत आधीही शिक्के होतेच. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, तेव्हा एक शिक्का. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या झाल्या, तेव्हा दुसरा. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्या छापून यायलाच हव्या होत्या. पण गर्भ पाडणारा डॉक्टर, पिशवी काढणारा दवाखाना, खाडा झाला की दंड कापणारा मुकादम आणि साखर कारखाना हे वाक्याच्या बाहेर राहिले. आत राहिला तो जिल्हा. जिल्ह्याच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंगसुद्धा अजून धड ठरलेले नाही. १९६९ च्या सरकारी गॅझेटिअरमध्ये 'भिर', २०११ च्या जनगणनेत 'बिड', बोर्डावर 'बीड'. शिक्के मात्र पक्के.

आता या जिल्ह्यातला पोरगा पुण्यात मुलाखतीला बसतो. समोरचा विचारतो, 'व्हेअर आर यू फ्रॉम?' पोरगा उमापूर म्हणत नाही, बीडही म्हणत नाही. 'निअर औरंगाबाद' म्हणतो, नाहीतर सरळ 'पुणे'. कारण त्याला माहीत आहे की हा प्रश्न गावाशी थांबत नाही. गाव, मग आडनाव, मग 'गावात कुठे राहता?'. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर आले. निर्णय चांगलाच. पण पत्त्यावर भीमनगर वाचून विचारणाऱ्याला जे कळायचे ते कळतेच. या पोराला मी दोष देत नाही. नोकरी हवी आहे, खोटेही तो बोललेला नाही.

दोष द्यायचा तर परदेशी शिष्यवृत्तीच्या निबंधांना देईन. आपल्या मुलांचे असे अर्ज मी वाचले आहेत. पहिलेच वाक्य ठरलेले: मी महाराष्ट्रातल्या बीड या मागास, दुष्काळी जिल्ह्यातल्या दुर्गम खेड्यातून आलो आहे. दुर्गम? गेवराईहून उमापूरला रस्ता आहे. हे वाक्य त्या मुलाचे नाही, ते एनजीओच्या अहवालातून आले आहे. तिथे लिहा की माझा जन्म उमापूरला झाला, आईबाप सहा महिने अमुक कारखान्याच्या उसाच्या फडात असायचे, त्या काळात मला अमुक नातेवाइकाकडे ठेवायचे, आणि आठवीत मी अमुक कारणाने शाळा सोडली व पुन्हा धरली. 'मागास' हे विशेषण जिल्ह्याला लावले की मागास ठेवणारा सुटतो.

कार्यकर्त्यांसाठी तर हे पोटापाण्याइतके जरुरीचे आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये अपमान, जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी झाली पाहिजे अशी अट आहे. २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेली शिवीगाळ सर्वोच्च न्यायालयाने त्यात धरली नाही. त्याआधी २००८ मध्ये स्वरन सिंग खटल्यात घराच्या फाटकाजवळची, बाहेरून दिसणारी जागा धरली होती. म्हणजे फिर्यादीत 'उमापूर येथे' एवढे लिहून भागत नाही. पारावर की ओट्यावर, दुकानाच्या आत की दारात, तिथून किती माणसे पाहत होती, हे लिहावे लागते. पोलीस ठाण्यातला लेखनिक गावाचे नाव टाकून पुढे जायला बघतो. त्याला तसे जाऊ देऊ नका. फिर्यादीची प्रत मोफत मिळण्याचा हक्क आहे. ती घ्या, आणि सही करण्याआधी प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा. सापडला नाही तर तिथेच दुरुस्ती मागा.

सोमनाथच्या बाबतीत असेच झाले. त्याच्या आईने शहराविरुद्ध तक्रार केली नाही. तिने पोलिसांविरुद्ध दाद मागितली, प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही त्याच महिन्यात आदेश कायम राहिला. हिंसाचारावर गुन्हा नोंदवता येत नाही, माणसांवर येतो. पुढच्या निवेदनात, पोस्टरवर, हॅशटॅगमध्ये 'जस्टिस फॉर परभणी' लिहिणार असाल तर त्याऐवजी सोमनाथ व्यंकट सूर्यवंशी हे पूर्ण नाव लिहा, त्यानंतर तारीख, त्यानंतर कोणाच्या ताब्यात होता ते. परभणी सगळ्यात शेवटी.

जय भीम!